गोणपाटावरची पावलं

सज्ज्यावर तीन माणसं होती. निदान पडद्यावर तरी तीनच दिसत होती.

सारिका बांबळेनं डोळे चोळले आणि आकडा पुन्हा वाचला. चैत्री पौर्णिमेची दुपार, सुळकाई देवीच्या यात्रेचा दिवस. पहाटेपासून डोंगराच्या अंगावर माणसांची रांग लागली होती, आणि ती वर वर सरकत सुळक्याच्या पोटाशी, देवीच्या गुहेपुढं बांधलेल्या त्या लोखंडी सज्ज्याकडंच जात होती. दरीवर टांगलेला सज्जा. एकशे वीस माणसांचा भार पेलेल असा आखलेला. आणि त्यावर तीन?

"देवीनं गिळली," शेजारच्या खुर्चीवरून फैजान तांबोळी म्हणाला. त्याच्या मांडीवर भाजलेल्या शेंगांचा पुडा होता. "वर्षाचा उपास, बाई. आज सोडला."

"गप रे. गेल्या वीस मिनिटांत फाटकातून किती सोडली?"

फैजाननं बोटानं पडदा वर सरकवला. "एकशे साठ. त्याच्याआधी तेवढीच."

"आणि उतरून किती आली?"

शेंग त्याच्या ओठाशीच थांबली. "वीस."

दोघं पुण्याच्या कॉलेजात पर्यटन आणि प्रवास व्यवस्थापनाच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला. डोंगराच्या मधल्या टप्प्यावरची ही पत्र्याची खोली आज त्यांचा परीक्षेचा हॉल होता. यात्रेचा एक दिवस, एक स्थळ, हजारो माणसं. सगळ्यांना सुखरूप वर न्यायचं, खाली आणायचं. दिवस नीट पार पडला की खाली पायथ्याशी बसलेले टिपणीस सर अहवालावर सही करणार. सही झाली की पदवी. आणि पदवी झाली की याच डोंगरावर, डोंगराचा ठेका घेतलेल्या कंपनीत, सारिकाला स्थळ-व्यवस्थापकाची नोकरी. ज्या वाटेनं तिच्या आईनं वीस वर्षं पाहुण्यांची ओझी डोक्यावरून वाहिली, त्या वाटेवर लेक साहेबीण होऊन बसणार, हे गावात आत्ताच सांगून झालं होतं. आईनंच, हौसाबाईनं, सांगितलं होतं, घरोघर.

दुसऱ्या वर्षाला सरांनी फळ्यावर एक शब्द लिहिला होता: वहनक्षमता. एखादी जागा किती माणसांचं ओझं वाहू शकते, तिची माती, तिचं पाणी, तिचे दगड किती पावलं सोसतील, ते मोजायचं. वर्गातल्या बाकीच्यांनी तो शब्द वहीत उतरवला. सारिकाच्या डोळ्यांपुढं मात्र आईची मान आली. ओझं उचलण्याआधी ती एकदा हलकेच हात लावून बघायची, मग म्हणायची, "ह्ये जाईल," नाहीतर, "ह्ये न्हाई जायचं." डोंगरालाही असं विचारता आलं तर?

त्याच विचारातून तिचा प्रकल्प जन्मला, आणि कंपनीच्या नव्या यंत्रणेला तो अचूक बसला. यंत्रणेचं नाव होतं कानोसा.

कल्पना साधी होती. पायथ्यापासून सज्ज्यापर्यंत पायऱ्यांच्या कडेनं, दगडांच्या खाचेतून, पुढं सज्ज्याच्या लोखंडी ब्रॅकेटांमधून काचेचा एक बारीक धागा पुरलेला. इंटरनेटला वापरतात तसलाच. त्यात एका टोकातून प्रकाशाचे ठोके सोडायचे, सेकंदाला हजारो. काच कितीही शुद्ध असली तरी तिच्यात जागोजागी सूक्ष्म डाग असतात, आणि प्रत्येक डाग थोडासा प्रकाश माघारी धाडतो. जवळ कुठं पाऊल पडलं की जमीन दबते, जमिनीबरोबर धागा ताणला जातो, केसाच्या हजाराव्या भागाइतका. पण तेवढ्यानंही माघारी येणारा प्रकाश बदलतो. तो किती वेळानं परतला यावरून पाऊल नेमकं कितव्या मीटरला पडलं ते कळतं. म्हणजे दोन किलोमीटरचा धागा नव्हे, दोन हजार कान, एकाला एक लावून डोंगराच्या कातडीखाली पुरलेले.

पण कान असून भागत नाही, काय ऐकायचं तेही शिकवावं लागतं. वारा, गुरं, माकडं, घरंगळणारे खडे हे सगळं वगळायचं आणि माणसाचं पाऊल तेवढं मोजायचं. ही शिकवणी सारिका आणि फैजाननं दिली होती. गेल्या श्रावणात दहा विद्यार्थी चार दिवस या वाटेनं चढले-उतरले, एकेकटे, जोडीनं, घोळक्यानं. त्या पावलांवरून कानोसा माणूस ओळखायला शिकला, आणि यंत्र बरोबर मोजतं या प्रमाणनावर दोघांचे अंगठे लागले.

तेव्हापासून फाटक कानोसाच उघडायचा. सज्ज्यावरचा आकडा ऐंशीच्या खाली गेला की फाटक वर, पुढची चाळीस माणसं आत. आठ महिन्यांत एक चूक नाही.

कॅमेऱ्यांवर आज फडकी होती. यात्रेच्या दिवशी देवीच्या दारात फोटो नको, हा भगताचा शब्द. कंपनीनं तो आनंदानं मान्य केला. कानोसा असताना डोळे कशाला लागतात? सज्ज्याच्या बोल्टांना वेगळे ताणमापक बसवायचे तेही याच कारणानं राहून गेले होते.

लाउडस्पीकरवरून एक गोड, इस्त्री केलेला बायकी आवाज वाऱ्यावर खाली आला: "सज्ज्यावर जागा उपलब्ध आहे. भाविकांनी कृपया पुढे सरकावे."

पडद्यावर फाटक हिरवं झालं. आणखी चाळीस.

"एखादा कान बिघडला असेल," फैजान म्हणाला, पण शेंगांचा पुडा त्यानं खाली ठेवला होता.

"पायऱ्यांवर सगळं बरोबर दिसतंय. हे बघ, चपलांच्या ओट्यापर्यंत माणसं आहेत. रांगच्या रांग. आणि ओटा ओलांडला की..."

चपलांचा ओटा.

तिनं कानांवर हेडफोन चढवले, सज्ज्याची रेघ निवडली आणि नको ते आवाज वगळणारी गाळणी काढून टाकली. आता कानोसा काय मोजतो ते तिला ऐकायचं नव्हतं. डोंगर काय सांगतो ते हवं होतं.

आधी वाऱ्याची सळसळ. मग त्याखाली, खूप खाली, मऊ, दाट, न संपणारी थापथाप. पिठाच्या पोत्यावर शंभर हातांनी थोपटावं तशी. कुठं टाच नाही, टोक नाही. नुसते पंजे, ओल्या गोणपाटावर.

आणि त्या गर्दीतून एक चाल तिनं वेगळी ओळखली. ठप, ठप, घस्स. ठप, ठप, घस्स. टाचांना जुन्या भेगा, म्हणून दर तिसरं पाऊल घसटतं. लहानपणी अंधारल्या घरात पडल्या पडल्या ती हीच चाल ऐकत असे, आणि ती उंबऱ्याशी आली की मगच तिला झोप लागे.

"अनवाणी," ती म्हणाली. "फैजान, वर सगळे अनवाणी आहेत."

एरवी पाहुणे बूट घालूनच सज्ज्यावर जातात, दरी बघतात, परततात. पण यात्रेच्या दिवशी ओट्यापलीकडं कुणाच्या पायात काही चालत नाही. अगदी कलेक्टर आला तरी चपला ओट्यावर. आणि चैत्रातलं लोखंड तव्यासारखं तापतं, म्हणून बायका सज्ज्यावर गोणपाट अंथरतात आणि कळश्यांनी ते भिजवत राहतात. आजच्या दिवसाच्या नियोजनात सारिकानंच तसं लिहिलं होतं. सरांनी समासात शाबासकीही दिली होती: 'स्थानिक सहभाग, उत्तम.'

आणि कानोशाला शिकवताना? श्रावणात वाट निसरडी, जळवांचा सुळसुळाट. दहाच्या दहा जणांच्या पायांत जाड तळव्यांचे बूट. तिच्याही. बुटाची टाच दगडावर आपटली की धाग्यात सुईसारखं टोक उमटतं, ते टोक म्हणजे माणूस, असं यंत्र शिकलं. टोक नसलेलं, मऊ, पसरट असं जे काही होतं ते गेलं गाळणीत, गुरांच्या सोबत. पडद्यावरची तीन माणसं म्हणजे बहुधा लोखंडावर आपटणाऱ्या कळश्या.

त्या चार दिवसांत एक बाई मात्र अनवाणी चालली होती. यंत्राचीच पेटी डोक्यावर घेऊन, ओवी गुणगुणत, पोरांच्या मागोमाग.

*पाऊल टाक हळू, बाई, डोंगर गं जागा व्हतो,*
*मायेचा त्यो, तरी बाई, झोपमोडीला कावतो.*

आणि सारिका मागं वळून म्हणाली होती, सगळ्यांदेखत, जराशी चिडूनच: "आई, तू बाजूनं चाल ना. धाग्यावरून नको. तुझ्या पायांनी आकडे बिघडतायत."

हौसाबाई हसली होती. "बरं बाई. मी आपली गवतातनं येते." आणि गवतातनं, जळवांतनं आली होती.

दहावीपर्यंत सारिका याच डोंगरावर अनवाणी हिंडली होती. ती विसरली होती! इथं जन्मलेली ती, आणि तीच विसरली.

टक.

हेडफोनमध्ये काहीतरी वाजलं. बारीक, कोरडं. पाऊल नव्हतं ते. ब्रॅकेटातून गेलेल्या धाग्यानं लोखंडाचा आवाज आणला होता.

"आकडा काढ," ती म्हणाली. "आत गेले वजा बाहेर आले."

फैजाननं आधीच काढला होता. "तीनशे चाळीस." त्याच्या चेहऱ्यावरची सगळी थट्टा धुऊन गेली होती. "दुपारच्या कौलासाठी थांबलेत सगळे. कौल होईपर्यंत एकही हलणार नाही."

तिनं आईचा फोन लावला. लागेना. गर्दीत कुणाचाच लागत नव्हता. वर धावत जायचं तर वीस मिनिटांचा चढ. तिनं वॉकीटॉकी उचलला. "सर, सारिका. सज्ज्यावर तीनशे चाळीस माणसं आहेत. कानोसा त्यांना मोजत नाहीये. फाटक बंद करा."

खरखर. मग टिपणीस सरांचा शांत, वर्गातला आवाज. "सारिका, माझ्यासमोर पडदा आहे. त्यावर तीन आहेत."

"अनवाणी पावलं त्याला कळत नाहीत, सर. आम्ही शिकवलंच नाही."

"फाटकाची किल्ली कंपनीच्या इंजिनिअरकडं आहे. तो गाडी घेऊन निघालाय. दहा मिनिटं."

टक. टक.

"सर, बोल्ट वाजतायत."

"तुला खात्री आहे? बाळा, नीट ऐक." सरांनी तिला कधी बाळा म्हटलं नव्हतं. "इंजिनिअरशिवाय ही यंत्रणा एकाच रीतीनं थांबते. ज्यांनी प्रमाणन केलं त्यांनी ते मागं घ्यायचं. तसं केलंत की प्रकल्प आपोआप रद्द. माझ्या हातात काही उरत नाही. वर्ष जाईल. नोकरीही. दोघांची."

दोघांची. तिनं फैजानकडं पाहिलं. मागं घ्यायलाही दोन अंगठे लागत होते.

फैजानची नोकरी दुबईची ठरलेली. जूनमध्ये जायचं. अम्मीनं बॅगसुद्धा आणून ठेवली होती, मोठी, निळी, चार चाकांची.

"सर," सारिका म्हणाली, "सहल कधी संपते, हे तुम्हीच विचारलं होतंत पहिल्या दिवशी. आम्ही म्हणालो, तिकिटावरची तारीख संपली की. तुम्ही म्हणालात, शेवटचा माणूस घरी पोचला की."

मग सर म्हणाले, "मी सांगू शकत नाही, सारिका. आणि अडवतही नाही."

तिनं अंगठा टेकवला. पडद्यावर लाल वर्तुळाचा अर्धा भाग उमटला. उरलेला अर्धा रिकामा.

"फैजान, मी तुला..."

"काही बोलू नकोस," तो म्हणाला. "बोललीस तर मी विचार करत बसेन." आणि त्यानं अंगठा ठेवला. वर्तुळ पूर्ण झालं. "बॅग काय, पुढच्या वर्षीही निळीच राहील."

पडदा काळा झाला; मोजणी थांबली, धागा मात्र ऐकतच होता. गोड बाईचा आवाज 'कृपया पुढे' एवढ्यावरच कापला गेला. वर फाटक खाडकन् खाली आलं. आता आकडे नव्हते, रेघा नव्हत्या. होता तो फक्त तिच्या कानातला डोंगर, आणि तिच्यापुढचा माइक.

फैजान कुजबुजला, "काय सांगणार? धोका म्हणालीस तर पळतील."

ते तिलाही ठाऊक होतं. गर्दी-व्यवस्थापनाच्या पेपरात तिला पैकीच्या पैकी गुण होते. धोका म्हणायचं नाही, पळा म्हणायचं नाही, मागं फिरा म्हणायचं नाही. तीनशे चाळीस माणसं एकदम वळली तर त्या हिसक्यानंच सज्जा सुटेल. माणसं आधी स्थिर व्हायला हवीत. मग हलकेच, थोडी थोडी करून काढायला हवीत, आणि तीही दरीकडची आधी, कारण लोखंडाला सर्वांत जड तीच. पण दरीकडची माणसं बाकीच्यांच्या अंगावरून कशी काढायची? पुस्तकात याचं उत्तर नव्हतं.

तिनं डोळे मिटले. ठप, ठप, घस्स. आई कळशी घेऊन मधूनच वाट काढत होती. तीनशे माणसांच्या गर्दीतून तिला वाट कशी मिळते? वाढपी येताना दिसला की पंगत जशी गुडघे आवरून घेते, तशी.

पंगत.

सारिकानं माइकचं बटण दाबलं, आणि तिच्या तोंडून कॉलेजची भाषा गेली ती गेलीच.

"राम राम मंडळी! मी हौसाबाई बांबळेची सारिका बोलतेय, मधल्या टप्प्यावरनं. कौलाच्या आधी आज देवीचा परसाद हाय. सज्ज्यावर पंगत बसायची. आई, ऐकतीस का? पंगत बसीव. दरीच्या कडंनी एक वळ, मग वाढप्याला वाट, मग दुसरी वळ. वाट सोडल्याबिगर परसाद न्हाई!"

वाऱ्यावर तिचा आवाज वर गेला. कानात थापथाप चालूच. एखाद-दोन पावलं अडखळली. आणि मग, ज्याची तिला सर्वांत भीती वाटत होती, तो पुरुषी आवाज लोखंडातून थरथरत अस्पष्ट उमटला: भगत लक्षूबाबा. शब्द कळत नव्हते, पण सूर रागाचा होता. आज परसाद कसला? कुणी ठरवला?

त्यावर बायकी आवाज. तोही अस्पष्ट, पण चढा. सारिकाला शब्द कळायची गरज नव्हती. तो सूर तिनं जन्मभर ऐकला होता. त्याच्यापुढं बापही गप्प व्हायचा.

आणि थापथाप विरू लागली. आधी कडेची, मग मधली. बसताना अंग टेकल्याचे जाड, बोथट आवाज आले, एकामागून एक. पोतं ठेवावं तसे. मग शांतता. इतकी शांतता, की वाऱ्यानं गोणपाटाची कड फडफडलेलीही ऐकू आली.

"बसली," ती म्हणाली. फैजाननं दोन्ही हातांनी डोकं धरलं होतं.

टक.

"आता मानाची पंगत उठंल!" ती माइकमध्ये म्हणाली. "दरीकडची वळ मानाची. एकेक जण उठा, वाढप्याच्या वाटंनी गुहेत चला, परसाद गुहेत. बाकीच्यांनी बूड हलवायचं न्हाई. आपल्यात पंगत पुरी झाल्याबिगर कुणी उठतं का?"

ठप. ठप. ठप. एकेक पाऊल दरीकडून निघालं, मधल्या वाटेनं डोंगराकडं, दगडाकडं, गुहेकडं, आणि तिथून उतरणीच्या जुन्या वाटेला. ती मोजत होती. यंत्र नव्हतं, म्हणून बोटांच्या पेरांवर. तीस. पंचेचाळीस. साठ.

सत्तरीला काहीतरी अडलं. एक मूल रडायला लागलं असावं. कुठंतरी चारदोन पावलं अवेळी उठली, घाईची. टक टक, असं दोनदा लागोपाठ लोखंड बोललं, आणि या वेळी तो आवाज वरच्या माणसांनीही ऐकला, कारण पंगतीतून एक शिरशिरी गेलेली सारिकाला धाग्यात कळली. तिचा हात माइककडं गेला आणि तसाच राहिला.

तेवढ्यात लोखंडातून गुणगुण आली. एक आवाज, मग त्याला येऊन मिळालेले आणखी चार-पाच, कळश्यावाल्या बायकांचे. चाल ओळखीची, शब्द नवे. आई ते तिथल्या तिथं जुळवत होती. सारिकानं कान दाबून धरले तेव्हा ते लागले:

*पंगत बसली बाई, वाढपी गं कुठं ऱ्हायला,*
*धीर धर रं पाव्हण्या, गूळ आणाया गेला.*

कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. उठलेली पावलं पुन्हा टेकली.

ऐंशी. एकशे दहा. दुसरी वळ. एकशे नव्वद. फैजान पाण्याची बाटली तिच्यापुढं धरून उभा होता आणि ती पीत नव्हती. दोनशे साठ. तीनशे.

तीनशे सदतीसला ती थांबली.

"झालं?" फैजाननं विचारलं.

"बायका राहिल्यात. गोणपाट गुंडाळतायत." तिनं बटण इतकं जोरात दाबलं की नख पांढरं पडलं. "आई! गोणपाट राहू दे! कळश्या राहू देत! ये!"

दोन पावलं गेली. दोघी. आता सज्ज्यावर एकच चाल उरली. ठप, ठप, घस्स. ठप, ठप, घस्स. उंबऱ्याशी ये. ये ना गं.

ठप. ठप.

मग काहीच नाही.

आणि मग असा आवाज, की सारिकानं हेडफोन ओरबाडून काढले. कानाबाहेरही तो ऐकू आला. अख्खा डोंगर एकदा दात खाऊन थांबल्यासारखा. पत्रे थरथरले. खोलीबाहेर येऊन दोघांनी वर पाहिलं. सज्ज्याचं एक टोक वीतभर खाली लोंबलं होतं. त्याच्या कडेवरून एक पितळी कळशी घरंगळली, उन्हात एकदा लकाकली आणि दरीत गेली. सज्ज्यावर कुणी नव्हतं. पण आई दगडावर होती की नव्हती, हे इथून दिसत नव्हतं.

सारिका धावली. वीस मिनिटांचा चढ तिनं किती वेळात चढला ते तिला कधीच सांगता आलं नाही. चपलांच्या ओट्याशी पोचली तेव्हा समोरून गर्दीत हौसाबाई येताना दिसली. पदरात गुळाचे खडे आणि भाजलेले शेंगदाणे होते, तिची स्वतःची दुपारची शिदोरी, आणि त्यातला एकेक दाणा ती दिसेल त्याच्या हातावर ठेवत होती.

"पुरंना गं," ती लेकीला म्हणाली. "साडेतीनशे मानसं बसीवलीस आन् मूठभर दाणं. आदी सांगायचंस तर."

सारिकानं तिच्या पायांना मिठी मारली. लोकांना वाटलं, पाया पडतेय.

पुढं व्हायचं ते झालं. कंपनीनं चौकशी नेमली. सज्जा उतरवला. विद्यापीठाच्या नियमात अपवाद नव्हता. प्रकल्प रद्द, वर्ष गेलं. तोंडी परीक्षेच्या दिवशी टिपणीस सरांनी दोघांच्या कागदावर 'अनुत्तीर्ण' लिहिलं. मग पेन बंद केलं.

"नियोजनात तुम्ही गोणपाट लिहिले होते आणि मी शाबासकी दिली," ते म्हणाले. "ओलं गोणपाट धाग्याला काय ऐकू देईल, हा प्रश्न माझाही होता. तो मी विचारला नाही. पुढच्या वर्षीच्या प्रकल्पाला मार्गदर्शक म्हणून मी चालेन का, ते तुम्ही दोघं ठरवा."

"आमची हरकत नाही, सर," फैजान म्हणाला. "फक्त बूट काढून यावं लागेल."

श्रावणात ते पुन्हा चढले. धागा तोच, कानोसा कोरा, सगळं विसरवलेला. या वेळी गावातली वीस माणसं बोलावली होती. पोरं, म्हातारे, गुराखी, कळश्यावाल्या. सर पँट दुमडून, अनवाणी, एका जळवेकडं संशयानं बघत उभे होते. फैजाननं पडदा उघडला. त्यावर ओळ लुकलुकत होती: *पहिला नमुना. माणूस चालवा.*

हौसाबाई पेटी डोक्यावरून उतरवून वाटेच्या कडेला, सवयीनं, गवतात जाऊन उभी राहिली होती.

"आई, तिथं काय करतीस?"

"तुमचं चालू द्या. माझ्या पायांनी आकडं बिघडत्यात ना?"

सारिकानं खाली बसून बुटांचे बंद सोडले. गारठलेल्या, निसरड्या दगडावर तिनं पाऊल टेकवलं, पाच वर्षांनी. दगडानं ते ओळखलं की नाही कोण जाणे, पण तिच्या पायानं दगड ओळखला. मग तिनं आईचा हात धरून तिला गवतातून धाग्यावर आणलं.

"बिघडू देत," ती म्हणाली. "मधनं चाल."

पडद्यावर पहिली रेघ उठली. पसरट, मऊ, आणि तिसऱ्या ठोक्याला किंचित घसटलेली.